मंदीचा अभ्यास मॉडेलनं कसा करायचा: २००८ची अमेरिका, एक एक्सेल शीट आणि तीन समीकरणं

मंदीबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं, पण बहुतेक लेख कारणांच्या यादीपाशी थांबतात. बँका बुडाल्या, मागणी आटली, नोकऱ्या गेल्या. यातल्या कशामुळे किती, असं विचारलं की गाडी अडते. ‘किती’चं उत्तर हवं तर मॉडेल लागतं. त्यासाठी पीएचडी मात्र लागत नाही. बारावीचं बीजगणित, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस आणि नेट कनेक्शन एवढ्या भांडवलावर बरंच काम होतं.

सरावाला मी डिसेंबर २००७ ते जून २००९ची अमेरिकी मंदी घेतोय. तिचे आकडे फुकट मिळतात, महिन्यागणिक मिळतात आणि मुख्य म्हणजे जुन्या तारखांना ते कसे दिसत होते तेही मिळतं. भारताच्या २०२०-२१कडे शेवटी वळू. तिथे हेच मॉडेल अडखळतं आणि ते नेमकं कुठे अडखळतं हे बघण्यासारखं आहे.

प्रश्न आधी, मॉडेल नंतर

‘मंदी का आली?’ हा मॉडेलला विचारायचा प्रश्नच नव्हे, तो इतिहासाचा प्रश्न आहे. मॉडेलला विचारायचा प्रश्न असा असतो: उत्पादन इतकं घटलं, तर बेरोजगारी किती वाढायला हवी होती आणि प्रत्यक्षात किती वाढली? किंवा: व्याजदर शून्यावर येऊन अडला, तसा अडला नसता तर तो किती खाली जायला हवा होता? एका राशीत बदल झाला तर दुसरीत किती, अशा रूपात प्रश्न मांडता आला नाही तर पुढची मेहनत वाया जाते. प्रश्न शीटच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. पुढे आकडे इतके येतात की दोन तासांत आपण भलत्याच प्रश्नाचं उत्तर काढत बसलेलो असतो.

मंदी कधीपासून कधीपर्यंत?

सलग दोन तिमाही जीडीपी घटला की मंदी, ही व्याख्या वर्तमानपत्रांसाठी सोयीची आहे, अभ्यासासाठी नाही. अमेरिकेत मंदीच्या तारखा नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च म्हणजे एनबीईआरची समिती ठरवते. ती रोजगार, उत्पन्न, औद्योगिक उत्पादन, विक्री असं सगळं बघते. २००८च्या पहिल्या तिमाहीत जीडीपी घटला, दुसऱ्या तिमाहीत थोडा सावरला आणि मग सलग घसरला. दोन तिमाहींच्या नियमानं मंदी २००८च्या मध्यावर सुरू झाली असती. समितीनं तारीख धरली डिसेंबर २००७. ही घोषणा झाली १ डिसेंबर २००८ला, म्हणजे मंदीचं जवळजवळ वर्ष उलटून गेल्यावर. मंदी जून २००९मध्ये संपली हे जाहीर व्हायला २० सप्टेंबर २०१० उजाडला. २००१ची मंदी तर दोन तिमाहींच्या नियमात बसतच नाही, तरी ती मंदीच मानली जाते.

भारतात अशी तारखा ठरवणारी अधिकृत समिती नाही. त्यामुळे इथल्या मंदीवर काम करायचं तर सुरुवात आणि शेवट तुम्हालाच ठरवावा लागतो आणि कोणत्या निकषावर ठरवला हे लिहावं लागतं.

आकडे उतरवताना

सेंट लुईस फेडरल रिझर्व्हच्या ‘फ्रेड’ या संकेतस्थळावरून चार मालिका उतरवा: महागाई वजा केलेला म्हणजे वास्तव जीडीपी, संभाव्य जीडीपी, बेरोजगारीचा दर आणि फेडरल फंड्स दर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा (फेडरल रिझर्व्हचा) मुख्य व्याजदर. बेरोजगारी आणि व्याजदर महिन्याचे येतात, त्यांची तिमाही सरासरी काढा. संभाव्य जीडीपी म्हणजे माणसं आणि यंत्रं नेहमीसारखी कामाला असती तर झालं असतं ते उत्पादन. अमेरिकेत हा अंदाज तिथल्या संसदेचं (काँग्रेसचं) अर्थसंकल्प कार्यालय करतं. प्रत्यक्ष आणि संभाव्य यांच्यातला टक्केवारीतला फरक म्हणजे उत्पादन तफावत. मंदीत ती उणे असते.

अनेक जण इथे संभाव्य जीडीपी स्वतःच काढायला जातात आणि होड्रिक-प्रेस्कॉट फिल्टर (मालिकेतले चढउतार गाळून तिचा सलग कल काढण्याची पद्धत) लावून मोकळे होतात. कल किती गुळगुळीत हवा हे सांगणारा आकडा लॅम्बडा, तो तिमाही आकड्यांना १६०० हे तर पाठच असतं. मंदीच्या अभ्यासात हे टाळा. मालिकेच्या टोकाला हा फिल्टर घसरणीच्या मागेमागे जातो. परिणामी २००९पाशी थांबलेल्या मालिकेत मंदी आहे त्यापेक्षा उथळ दिसते.

दुसरी गल्लत वाढीच्या दराची. अमेरिका तिमाहीतला बदल वर्षभर तसाच चालला असता तर किती झाला असता, अशा वार्षिक रूपात सांगते. भारत गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी तुलना करतो. ऑगस्ट २०२०च्या शेवटी भारताचा एप्रिल-जूनचा आकडा उणे २३.९ टक्के आला, तेव्हा ‘अमेरिका तर उणे ३१, आपण बरे’ अशी चित्रं व्हॉट्सॲपवर फिरली. अमेरिकेचा आकडा भारताच्या पद्धतीनं मोजला तर घसरण सुमारे ९ टक्के होती. वार्षिक दर तिमाहीत बदलायला १ अधिक दर (दशांशात) घ्या, त्याचा एक चतुर्थांश घात काढा आणि १ वजा करा. वार्षिक उणे ३.८ म्हणजे तिमाहीत साधारण उणे १ टक्का. वार्षिक उणे ८.५ म्हणजे उणे २.२.

हे दोन आकडे मी मुद्दाम घेतलेत. २००८च्या शेवटच्या तिमाहीचा पहिला अंदाज ३० जानेवारी २००९ला आला, तो उणे ३.८ टक्के. आज तीच तिमाही आठ टक्क्यांहून जास्त घसरलेली दिसते. तिमाही तीच, पण घसरण दुपटीहून मोठी. म्हणून फ्रेडसोबत ‘अल्फ्रेड’ही वापरा, तिथे प्रत्येक मालिकेच्या जुन्या आवृत्त्या तारखेनिशी मिळतात. शीटमध्ये दोन स्तंभ करा, ‘तेव्हा दिसलेला आकडा’ आणि ‘आजचा आकडा’. तेव्हाच्या धोरणाला नावं ठेवायची असतील तर पहिला स्तंभ वापरा, अर्थव्यवस्था समजून घ्यायची असेल तर दुसरा. हे दोन्ही एकत्र करून लिहिलेले लेख मी फार वाचलेत, आणि ते ठामपणे लिहिलेले असतात.

पहिलं मॉडेल एका ओळीचं: ओकुनचा नियम

आर्थर ओकुन यांनी १९६२मध्ये दाखवलं की उत्पादन आणि बेरोजगारी यांचं नातं बऱ्यापैकी स्थिर असतं. कामचलाऊ रूप असं:

बेरोजगारीतला वर्षभरातला बदल = ०.५ × (नेहमीची वाढ − प्रत्यक्ष वाढ)

नेहमीची वाढ २.५ टक्के धरू. २००८ची दुसरी तिमाही ते २००९ची दुसरी तिमाही या वर्षात वास्तव जीडीपी सुमारे ४ टक्क्यांनी घटला. म्हणजे ०.५ × (२.५ + ४) = ३.२५. नियमाप्रमाणे बेरोजगारी सव्वातीन टक्केबिंदूंनी वाढायला हवी. प्रत्यक्षात त्या तिमाहींची सरासरी ५.३वरून ९.३वर गेली. वाढ ४.०, बाकी उरली पाऊण टक्केबिंदू.

नवशिका इथे ०.५च्या जागी ०.६ घालून हिशेब जुळवून टाकतो. तसं करू नका, कारण अभ्यासाचा माल या पाऊण टक्क्यातच आहे. नियम सांगतो त्याहून जास्त माणसं कामावरून गेली, याचा अर्थ उरलेल्यांकडून ताशी जास्त उत्पादन निघालं असणार. ते तपासता येतं. उत्पादकतेची मालिका उतरवा, २००९मध्ये ती वाढलेली दिसते. एरवी मंदीत मालक कसबी माणसं जपून ठेवतात आणि उत्पादकता पडते. या वेळी उलटं झालं. पुढचा धागाही मिळतो: २०१०मध्ये अमेरिकेतल्या बेरोजगारांपैकी ४५ टक्क्यांच्या आसपास लोक सहा महिन्यांहून जास्त काळ रिकामे होते. मग वाढवलेल्या बेरोजगारी भत्त्यानं लोक काम शोधणाऱ्यांत मोजले जात राहिले का, हा वाद तिथूनच सुरू होतो.

सहगुणक, म्हणजे नियमातला तो ०.५, स्वतः काढायचा असेल तर एक्सेलच्या ‘स्लोप’ फॉर्म्युल्यानं १९५० ते २००७चा काढा, मग २००८नंतरचा वेगळा. दोन्ही शेजारी ठेवा. एकच सहगुणक सगळ्या काळाला लावला की मंदीत काय बदललं तेच पुसलं जातं.

तीन समीकरणं, एक शीट

आता मागणी, महागाई आणि व्याजदर एकमेकांशी जोडू. मध्यवर्ती बँकांच्या मोठ्या मॉडेलांचा सांगाडा हाच असतो.

तफावत = ०.८ × मागची तफावत − ०.१ × (मागचा व्याजदर − मागची महागाई − २) + धक्का

महागाई = ०.७ × मागची महागाई + ०.३ × २ + ०.१ × मागची तफावत

व्याजदर = २ + महागाई + ०.५ × (महागाई − २) + ०.५ × तफावत

‘मागची’ म्हणजे मागच्या तिमाहीतली, आणि धक्का म्हणजे समीकरणाबाहेरून मागणीत अचानक आलेला बदल. तिसरं समीकरण अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांच्या व्याजदर ठरवण्याच्या १९९३च्या नियमाचं. दोन टक्के महागाई आणि दोन टक्के वास्तव व्याज या नेहमीच्या पातळ्या. पहिल्या दोन समीकरणांतले सहगुणक मी सरावासाठी ठेवलेत, अमेरिकेसाठी मोजून काढलेले नाहीत. शीटमध्ये ते वेगळ्या रकान्यांत ठेवा, फॉर्म्युल्यात कोंबू नका. नंतर दर वेळी एकच बदलून बघायचा आहे.

सुरुवातीला तफावत ०, महागाई २, व्याजदर ४. आता सलग तीन तिमाही उणे ३चा धक्का द्या.

पहिली तिमाही: तफावत −३, महागाई २, व्याजदर २.५.

दुसरी: मागच्या −३चे ०.८ म्हणजे −२.४. व्याजदर २.५ आणि महागाई २, म्हणजे वास्तव व्याज ०.५, नेहमीपेक्षा दीडनं कमी, त्यामुळे मागणीला ०.१५चा टेकू. वर नवा धक्का −३. बेरीज −५.२५. महागाई १.७, व्याजदर ०.९३.

तिसरी: तफावत −६.९२, महागाई १.२७, आणि व्याजदराच्या रकान्यात येतं −०.५६.

हा रकाना महत्त्वाचा. नियम उणे दर मागतोय आणि बँकेला तो देता येत नाही. फेडरल रिझर्व्हचा दर सप्टेंबर २००७च्या सुरुवातीला ५.२५ टक्के होता. १६ डिसेंबर २००८ला तो ० ते ०.२५वर आला आणि पुढची सात वर्षं तिथेच राहिला. शीटमध्ये आणखी एक स्तंभ घाला, ‘मिळालेला दर’: नियमाचा दर उणे आला तर शून्य. पहिल्या समीकरणात हाच दर वापरा.

चौथ्या तिमाहीत धक्का थांबवा आणि तफावत दोन्ही प्रकारे काढा. शून्याची अट धरून −५.२१, अट नसती तर −५.१६. फरक नगण्य. म्हणजे शून्याची अट बिनमहत्त्वाची होती? नाही. तुम्ही निवडलेल्या सहगुणकांमुळे ती तशी दिसली. टेलरच्या समीकरणात तफावतीसमोरचा ०.५ काढून १ ठेवा. आता दुसऱ्याच तिमाहीत नियम उणे दर मागतो आणि तिसऱ्या तिमाहीत नियमानं मागितलेला दर जातो उणे ३.८पर्यंत. २००९मध्ये अर्थतज्ज्ञांत नेमका हाच वाद रंगला होता. तफावतीला कमी वजन दिलं तर शून्य पुरेसं वाटत होतं, जास्त दिलं तर दर शून्याच्या बऱ्याच खाली हवा होता. मग रोखे खरेदीसारखे दुसरे उपाय किती मोठे हवेत याचं उत्तरही बदलत होतं.

एक तिमाही कागदावर हातानं सोडवा आणि मगच फॉर्म्युला खाली ओढा. मागचा व्याजदर आणि चालू व्याजदर यांची अदलाबदल ही इथली नेहमीची चूक, आणि एक्सेल ती चूक दाखवत नाही.

सरकारचा खर्च आणि गुणकाची भानगड

सरकारी खर्च धक्क्याच्या स्तंभात अधिक चिन्हानं येतो. प्रश्न इतकाच की एक रुपया खर्च केला तर जीडीपी किती वाढतो. या आकड्याला गुणक म्हणतात आणि त्यावर राजकारणं झाली आहेत.

१० जानेवारी २००९ला, ओबामांच्या शपथविधीआधी, त्यांच्या आर्थिक सल्लागार क्रिस्टिना रोमर आणि जेरेड बर्नस्टीन यांनी सरकारी खर्च आणि करकपातीच्या पॅकेजबद्दल एक अंदाज मांडला. सरकारी खर्चाचा गुणक १.५७ आणि करकपातीचा ०.९९ धरून त्यांनी म्हटलं की पॅकेज आलं तर बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास थांबेल, नाही आलं तर ९च्या घरात जाईल. ७८७ अब्ज डॉलरच्या कायद्यावर १७ फेब्रुवारीला सही झाली. ऑक्टोबर २००९मध्ये बेरोजगारी १० टक्के होती. पॅकेजसह जे झालं ते पॅकेजविना सांगितलेल्या अंदाजाहूनही वाईट. विरोधकांनी तो आलेख वर्षानुवर्षं फिरवला.

आता ‘तेव्हा दिसलेला आकडा’ हा स्तंभ उघडा. हा अंदाज लिहिला गेला तेव्हा शेवटच्या तिमाहीचा उणे ३.८ हा सौम्य आकडासुद्धा आलेला नव्हता. सुरुवातीचा खड्डाच कमी खोल धरला होता, मग गुणक बरोबर असता तरी आलेख चुकणारच. या एका आलेखावरून पॅकेज फसलं असं म्हणता येत नाही, आणि यशस्वी झालं असंही नाही. तुमच्या शीटमध्ये हे वेगळं काढता येतं. धक्का आजच्या आकड्यांचा घाला, पॅकेज तेवढंच ठेवा आणि एकदा पॅकेज काढून चालवा. दोन ओळींतलं अंतर म्हणजे पॅकेजचा परिणाम. बेरोजगारीची पातळी म्हणजे परिणाम नव्हे.

गुणक मंदीत बदलतो याचा दाखला युरोपात मिळाला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे ऑलिव्हिए ब्लाँशार आणि डॅनियल ली यांनी २०१२-१३मध्ये दाखवलं की काटकसरीचा फटका मोजताना अंदाजकर्त्यांनी गुणक ०.५च्या आसपास धरला होता, प्रत्यक्षात तो ०.९ ते १.७ असावा. व्याजदर आधीच शून्याजवळ, बँका आजारी, शेजारी देशही मंदीत, अशा वेळी सरकारनं हात आखडला तर सावरायला दुसरं कोणी नसतं. म्हणून शीटमध्ये गुणकाचे दोन रकाने ठेवा, एक नेहमीचा, एक दर शून्यावर असतानाचा.

हीच शीट भारतावर

मोठ्या उत्साहानं मराठी वाचक इथे येईल म्हणून आधीच सांगतो, ओकुनचा नियम भारतात चालवू नका. चालवलात तर काय होतं बघा. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीचा बेरोजगारी दर २०१८-१९मध्ये ५.८ टक्के, २०१९-२०मध्ये ४.८ आणि २०२०-२१मध्ये ४.२. जीडीपी आपटला त्याच काळात बेरोजगारी घटली! आकडा खोटा नाही, पण त्याला दुसरा आकडा जोडून वाचावा लागतो. एकूण रोजगारातला शेतीचा वाटा याच काळात ४२.५ टक्क्यांवरून ४६.५वर गेला. पुण्या-मुंबईतलं काम सुटलं तो माणूस गावी गेला आणि भावाच्या शेतात राबू लागला. सर्वेक्षणात तो बेरोजगार नाही. त्यामुळे भारतासाठी बेरोजगारीच्या स्तंभाऐवजी शेतीतल्या रोजगाराचा वाटा, नियमित पगारी नोकऱ्यांचं प्रमाण आणि वास्तव मजुरी हे तीन स्तंभ घ्या. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत २०२०-२१साठी राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल आणि शेती व संलग्न क्षेत्र ११.७ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज होता, तोही या चित्राशी जुळतो.

तीन समीकरणांतही गडबड होते. आपल्या शीटमध्ये धक्का मागणीचा आहे, म्हणून तफावत पडली की महागाईही उतरते. २००९च्या अमेरिकेत तसंच झालं, जुलैमध्ये किमती वर्षभरापूर्वीपेक्षा दोन टक्क्यांनी कमी होत्या. भारतात ऑक्टोबर २०२०मध्ये किरकोळ महागाई ७.६ टक्के होती. उत्पादन खाली आणि किमती वर, म्हणजे धक्का पुरवठ्याचाही आहे. टाळेबंदीत माल बनत नव्हता आणि बनलेला पोचत नव्हता. अशा वेळी महागाईच्या समीकरणात स्वतंत्र धक्का जोडा आणि संभाव्य जीडीपीही खाली आणा, नाहीतर शीट सांगेल की रेपो दर शून्याजवळ न्या. रिझर्व्ह बँक मे २०२०मध्ये ४ टक्क्यांवर येऊन थांबली. ते योग्य होतं की नाही यावर दुमत असू शकतं, पण फक्त मागणीचं मॉडेल घेऊन तो वाद घालता येत नाही.

कोणत्या बाजूनं किती पडझड झाली याचा पहिला अंदाज खर्चाच्या तपशिलातून येतो. ३१ ऑगस्ट २०२०च्या आकड्यांत खासगी उपभोग उणे २६.७ टक्के, गुंतवणूक उणे ४७.१, सरकारी खर्च अधिक १६.४. उत्पादनाच्या बाजूला बांधकाम उणे ५०.३ आणि शेती अधिक ३.४. हे आकडेही नंतर बदलले आहेत. पूर्ण वर्षाची घसरण आधी ७.३ टक्के सांगितली गेली, पुढच्या सुधारणांत ती ६.६ आणि मग ५.८ झाली. अल्फ्रेडसारखी सोय इथे नाही, त्यामुळे सांख्यिकी मंत्रालयाची त्या त्या दिवशीची पत्रकं उतरवून ‘तेव्हाचा’ स्तंभ हातानं भरावा लागतो. कंटाळवाणं काम आहे. दुसरा मार्ग नाही.

पुढे जायचं असेल तर

फेडरल रिझर्व्हचं स्वतःचं मोठं मॉडेल सगळ्यांना खुलं आहे आणि पायथॉनमध्ये चालतं. भविष्याच्या अपेक्षा धरून चालणारी मॉडेलं सोडवायला ‘डायनेर’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे, ते ऑक्टेव्ह या मोफत गणिती सॉफ्टवेअरवर बसवता येतं. तिकडे गेलात तर मॉडेलमध्ये बँका आहेत का, हे आधी बघा. २००८पूर्वी मध्यवर्ती बँकांत वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत कर्ज देणारा-घेणारा हा भागच नव्हता. बर्नांकी, गर्टलर आणि गिलक्रिस्ट यांनी तो भाग १९९९मध्येच मांडून ठेवलेला असूनही. डायनेरमध्ये पहिलं काम म्हणून तुमची तीन समीकरणं आहेत तशी लिहा, तेच तीन धक्के द्या आणि तिसऱ्या तिमाहीत −६.९२ येतं का ते ताडून बघा. ऑक्टेव्हवर शून्याची अट आपोआप लागत नाही, ती वेगळी सांगावी लागते. आकडे चौथ्या तिमाहीपासून जुळेनासे झाले तर आधी तिथे बघा.